ब्लॉक लागतो, तरी मार बसल्यासारखा दिसतो: फायटिंग गेममधल्या बचावाच्या अ‍ॅनिमेशनची दुरुस्ती

फायटिंग गेम करणारी पोरं धुळ्याची असोत, शिरपूरची असोत की चाळीसगावची, त्यांच्या क्लिपांमध्ये एक तक्रार काही केल्या हटत नाही. खेळणारा ओरडतो, "भो, मी ब्लॉक करेल होता ना!" कोड म्हणतो, हो, केला होता. हेल्थ बार जागचा हललेला नसतो. पण मागे उभं राहून बघणाऱ्या चारचौघांना ठोसा बसलेलाच दिसतो. मग कोणी ब्लॉकची मुदत वाढवतं, कोणी हिटबॉक्स (फटका लागला का ते ठरवणारी अदृश्य पेटी) लहान करतं, आणि थोड्या दिवसांनी तीच तक्रार दुसऱ्या कॅरॅक्टरबद्दल येते.

नियमांच्या हिशोबात ब्लॉक तत्काळ लागतो, चित्र मात्र मागून येतं. हा उशीर चार-पाच वेगळ्या जागी होतो, त्यामुळे एक जागा बुजवली की दुसरी उघडी पडते. मी ज्या क्रमाने शोधतो, त्याच क्रमाने लिहितोय. नावं ब्लेंडर (अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर) आणि युनिटी (गेम इंजिन) यांची आहेत, कारण आपल्याकडची बहुतेक पोरं त्यावरच काम करतात. गोडो किंवा अनरीलवाल्यांनी बटणांची नावं बदलून वाचावं.

आधी क्लिप फ्रेमनिहाय बघा

खेळताना डोळ्याला जे वाटतं त्यावर भरवसा ठेवू नका. ओबीएसमध्ये (पडदा रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) ३० फ्रेमची सेटिंग असेल तर ती ६० करा, रेकॉर्ड करा, क्लिप व्हीएलसीमध्ये उघडा आणि ई दाबत एकेक फ्रेम पुढे सरका. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे १६.६७ मिलिसेकंद. मूठ हाताला टेकते तो फ्रेम शोधा आणि त्या फ्रेमला बचाव करणारा नेमका कोणत्या पोझमध्ये आहे ते बघा.

तो अजून साध्या उभ्या पवित्र्यात असेल, हात अर्ध्यात लटकलेले असतील, तर बिघाड इंजिनच्या सेटिंगमध्ये आहे. ब्लॉकची पोझ पूर्ण लागलेली असूनही मार बसल्यासारखा वाटत असेल, तर बिघाड पोझमध्ये, ठिणगीत किंवा आवाजात आहे. ही फाळणी आधी केली नाही तर माणूस ग्राफ एडिटरमध्ये रात्र घालवतो आणि चूक निघते ती एका टिकमार्कमध्ये.

०.२५ चा घोळ

युनिटीच्या अ‍ॅनिमेटरमध्ये दोन स्टेटमध्ये (उभं राहणं, ब्लॉक अशा अवस्थांमध्ये) बाण ओढला की दोन गोष्टी न विचारता येतात. हॅज एक्झिट टाइमवर टिक असते आणि ट्रान्झिशन ड्युरेशन ०.२५ सेकंद असतं. ०.२५ सेकंद म्हणजे ६० च्या हिशोबात १५ फ्रेम. आता समोरच्याचा जॅब, म्हणजे हलका झटपट ठोसा, किती जलद असतो ते बघा. स्ट्रीट फायटर ६ मध्ये सगळ्यात जलद साधे फटके चौथ्या फ्रेमला लागतात. म्हणजे तुमच्या कॅरॅक्टरचे हात कमरेपासून पोटापर्यंत आले नाहीत तोच ठोसा येऊन पोहोचला. वर हॅज एक्झिट टाइमची टिक तशीच राहिली तर उभ्या पवित्र्याचं श्वास घेण्याचं चक्र बरंचसं पूर्ण होईपर्यंत ब्लॉक सुरूच होत नाही. हे असं का होतं? चालणं, पळणं, वळणं यांना ती सेटिंग शोभते. मारामारीला शोभत नाही.

ब्लॉकमध्ये जाणाऱ्या प्रत्येक बाणावर एक्झिट टाइम बंद करा, ड्युरेशन ० ठेवा. अगदीच खटकलं तर एक-दोन फ्रेम द्या, त्याहून जास्त नाही. ब्लॉकमधून बाहेर पडताना मात्र मोकळ्या हाताने ५-६ फ्रेमचं ब्लेंड (एका पोझमधून दुसरीत हळूहळू मिसळणं) द्या. तिथे घाई नसते आणि सगळी मऊपणाची हौस तिथे फिटते.

माझा सल्ला खरं तर याहून पुढचा आहे. फायटिंग गेममध्ये बचावासाठी बाणांचं जाळं विणूच नका. कोडमधून थेट अ‍ॅनिमेटर.प्ले बोलवा, स्टेटचं नाव द्या आणि सुरुवातीचा वेळ ० द्या. तो शेवटचा ० विसरला तर एक गंमत होते. कॅरॅक्टर त्याच स्टेटमध्ये आधीपासून असेल तर क्लिप पुन्हा पहिल्यापासून सुरूच होत नाही. तीन ठोशांच्या माळेत पहिल्याला धक्का दिसतो आणि पुढच्या दोघांना कॅरॅक्टर मख्ख उभा.

याचा उलटा आजार एनी स्टेट (कोणत्याही स्टेटमधून निघणारा बाण) वापरणाऱ्यांना होतो. तिथे कॅन ट्रान्झिशन टू सेल्फवर टिक असते. अट बूल (हो-नाही) असेल, म्हणजे "ब्लॉक चालू आहे" अशी, तर प्रत्येक फ्रेमला ट्रान्झिशन नव्याने सुरू होतं आणि कॅरॅक्टर पहिल्याच फ्रेमवर अडकून थरथरतो. अशा क्लिपा पाठवणारे हमखास रिगला (कॅरॅक्टरच्या हाडांच्या सांगाड्याला) दोष देतात. रिग बिचारा ठीक असतो. बूलच्या जागी ट्रिगर (एकदाच पेटून विझणारी अट) वापरा किंवा ती टिक काढा.

हिटस्टॉपमध्ये गोठलेला चुकीचा फ्रेम

सगळ्यात जास्त घात इथे होतो आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच जातं.

फटका लागला की दोन्ही कॅरॅक्टर काही फ्रेम गोठतात. त्याला हिटस्टॉप म्हणतात. वजन जाणवतं ते यामुळे. समजा तुम्ही १० फ्रेमचा हिटस्टॉप ठेवला आहे. तर त्या फटक्यात सगळ्यात जास्त वेळ डोळ्यासमोर राहणारं चित्र म्हणजे तो गोठलेला फ्रेम. बाकी हालचाल झरकन निघून जाते, हा एक फ्रेम मात्र सेकंदाचा सहावा भाग पडद्यावर बसून राहतो.

बहुतेकांचा कोड असा असतो: फटका लागला, ब्लॉकची क्लिप सुरू करा, लगेच अ‍ॅनिमेटर.स्पीड शून्य करा. तिन्ही गोष्टी एकाच फ्रेमला. क्लिप सुरू करायची आज्ञा गेली खरी, पण ब्लेंड शून्य टक्क्यांवर असतानाच वेळ थांबली. म्हणजे ते १० फ्रेम कॅरॅक्टर हात खाली सोडून उभा आहे आणि समोरच्याची मूठ त्याच्या तोंडावर टेकलेली आहे. हिटस्टॉप संपल्यावर तो सावकाश हात वर घेतो. बघणाऱ्याला मार बसलेला दिसणार नाही तर काय?

उपाय सरळ आहे. क्लिप ब्लेंडशिवाय सुरू करा, त्याच ओळीखाली अ‍ॅनिमेटर.अपडेट(०) बोलवून पोझ तिथल्या तिथे बसवून घ्या आणि त्यानंतरच स्पीड शून्य करा. मग गोठतो तो ब्लॉकचा पहिला फ्रेम. आणि म्हणूनच तो पहिला फ्रेम पूर्ण ब्लॉकचाच असला पाहिजे, हात तोंडाशी, कोपरं मिटलेली, धक्क्याने सगळ्यात जास्त दबलेली पोझ. हात वर येण्याचा प्रवास क्लिपमधून काढूनच टाका.

गोठलेल्या अवस्थेत बचाव करणाऱ्याला डावी-उजवीकडे बारीक थरथरवायचं असतं. ते रूटला (कॅरॅक्टरच्या सगळ्यात वरच्या ऑब्जेक्टला) करू नका. रूट हलला की टक्करीची पेटीही हलते. मॉडेलचा आतला ऑब्जेक्ट हलवा, पहिल्या फ्रेमला जास्त, मग कमी कमी.

अँटिसिपेशन इथे सोडून द्या

अ‍ॅनिमेशनच्या क्लासात बारा तत्त्वं घोकून घेतात आणि त्यातल्या अँटिसिपेशनवर सरांचा जीव असतो. उडी मारायची तर आधी खाली बस, ठोसा मारायचा तर आधी हात मागे ने. ठोशासाठी शंभर टक्के खरं, कारण समोरच्या खेळाडूला ठोसा येतोय हे कळायला हवं. पण ब्लॉकची पूर्वसूचना कुणाला द्यायची आहे? वावटळ येताना दिसली की दार लावायच्या आधी कोणी ते आणखी उघडत नाही. ब्लॉकला आधीची तयारी नसते. नंतरचं भोगणं असतं. तुमच्याकडे असलेले सगळे फ्रेम नंतरच्या बाजूला खर्च करा.

१४ फ्रेमचा ब्लॉकस्टन (ब्लॉकनंतर कॅरॅक्टर अडकून राहण्याचा काळ) असेल तर मी साधारण अशी वाटणी करतो. ० वर पूर्ण दबलेली पोझ. २ वर धड आणखी थोडं मागे, हनुवटी खाली. ५ पर्यंत तिथेच जवळपास थांबलेला, फक्त खांदे आणि कोपरं किंचित मागून येतात. ६ ते १२ मध्ये हात पुन्हा गार्डच्या जागी. शेवटचे दोन फ्रेम गार्डच्या स्थिर पोझशी तंतोतंत जुळणारे, म्हणजे पुढचा फटका त्याच क्षणी आला तरी उडी दिसत नाही. आकडे बदला, पण झुकाव बदलू नका. पुढची बाजू जड, शेपटी हलकी.

दोन पोझमध्ये ब्लेंडर आपणहून बेझियर वक्र टाकतो. त्याने हात तरंगल्यासारखे होतात. पहिल्या दोन-तीन कीजसाठी (ठरवून बसवलेल्या पोझसाठी) ग्राफ एडिटरमध्ये टी दाबून कॉन्स्टंट करा, म्हणजे पोझ पुढच्या कीपर्यंत तशीच राहते. हा काही गरिबांचा उपाय नाही. २०१४ साली आलेल्या गिल्टी गियर एक्सआरडीमध्ये आर्क सिस्टम वर्क्सने ३डी मॉडेल असूनही कीजमधली भर पूर्ण काढून टाकली होती आणि प्रत्येक पोझ हाताने बसवली होती. जुन्या २डी गेमचा करकरीतपणा तिथूनच आला. जुन्या गेमना तो आयता मिळायचा, कारण त्यांच्याकडे मधली चित्रं काढायला जागाच नसायची.

२४ आणि ६० ची भानगड

ब्लेंडर नव्या फाइलला २४ फ्रेमचा वेग देतो. तुमचा गेम ६० वर. ब्लेंडरमधला एक फ्रेम म्हणजे गेममधले अडीच फ्रेम. तुम्ही तिथे "फक्त दोन फ्रेममध्ये हात वर आणला" म्हणता तेव्हा गेममध्ये पाच गेलेले असतात, आणि अर्ध्या फ्रेमवर पडलेली की कुठल्याच चित्रात नीट उमटत नाही. काम सुरू करण्याआधीच आउटपुट प्रॉपर्टीजमध्ये ६० करा. आधीच २४ वर केलं असेल तर वेग बदलून सगळ्या कीज २.५ ने ताणा आणि मग जवळच्या पूर्ण फ्रेमवर बसवा. टाइमलाइन १ पासून सुरू होते हेही ध्यानात ठेवा. तुमची महत्त्वाची पोझ ० वर आणि एक्सपोर्ट १ पासून, असं झालं की पहिली पोझच गळते.

एफबीएक्स (ब्लेंडरमधून युनिटीत न्यायची फाइल) काढताना बेक अ‍ॅनिमेशनखाली सिम्प्लिफाय १ असतं. ते ० करा. युनिटीत आणल्यावर अ‍ॅनिमेशन कम्प्रेशनही बचावाच्या क्लिपांपुरतं बंद ठेवा. बारीक थरथर आणि टाचेचा भक्कमपणा हे दोन्ही पहिल्यांदा कम्प्रेशनच खातं. क्लिप इतक्या लहान असतात की फाइलचा आकार वाढला तरी कुणाला कळणार नाही.

पोझ पूर्ण आहे, तरी मार दिसतो

आता चित्रकाराचं काम. मार बसतो तेव्हा शरीर उघडतं. डोकं मागे, छाती वर, हात पसरलेले, पाठ कमानीसारखी. ब्लॉकमध्ये शरीर मिटतं. डोकं खाली, खांदे कानाशी, पोट आत, कोपरं एकमेकांकडे. वजन मागे गेलं तरी चालेल, पण डोकं वजनासोबत मागे जाता कामा नये. मी पाहिलेल्या बिघडलेल्या ब्लॉकांपैकी बऱ्याच ठिकाणी पोराने माराचीच क्लिप डुप्लिकेट करून तिच्यावर हात बसवलेले असतात. हात बचावाचे, पाठ माराची. कॅरॅक्टरला पूर्ण काळा रंग देऊन बघा. नुसत्या काळ्या आकारावरून ब्लॉक आणि मार वेगळे ओळखू येत नसतील तर रंगात आणल्यावरही येणार नाहीत.

रेफरन्ससाठी बॉक्सिंगचे व्हिडिओ बघाच, पण स्वतःही शूट करा. आमच्याकडे लाठीला गोधडीची चिंधी गुंडाळून मित्राला उभं करतात आणि फोन स्लो मोशनवर लावतात. अट एकच, फटका कधी येणार हे त्याला कळू द्यायचं नाही. "एक, दोन, तीन" म्हणून मारलं की तो तीनच्या आधीच हात वर घेतो आणि तुम्हाला खोटा रेफरन्स मिळतो. अचानक आलेल्या फटक्याला आधी पापण्या मिटतात, मान खाली जाते, खांदे वर येतात, हात त्यानंतर. खरं शरीर असं वागतं. गेममध्ये मात्र मी हा क्रम मोडतो आणि हातांना पहिलं स्थान देतो, कारण खेळणाऱ्याची नजर हातांवर असते. खांदे आणि मान मग दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेमला मागून येऊ द्या. तेवढ्यानेही जिवंतपणा येतो. यात्रेतल्या कुस्त्यांचे व्हिडिओ लोक आवडीने पाठवतात. पकड सोडवणं आणि थ्रो अडवणं यासाठी ते सोन्यासारखे आहेत, पण ठोशाच्या ब्लॉकसाठी त्यातून फारसं हाती लागत नाही.

ठिणगी कुठे उडते तेही तपासा. पुष्कळदा ती कॅरॅक्टरच्या छातीच्या हाडाला बांधलेली असते. हात तोंडाशी आणि ठिणगी बरगडीत, म्हणजे बघणाऱ्याच्या मनात मारच. ती मनगट आणि कोपर यांच्या मध्ये आणा. रंग माराच्या ठिणगीपेक्षा वेगळा, थंड ठेवा. आवाज तर हमखास वेगळा. एकच "धप" दोन्हीकडे वापरून कोणतंही अ‍ॅनिमेशन वाचवता येत नाही.

मागे चालताना ब्लॉक

मॉर्टल कॉम्बॅटमध्ये ब्लॉकला वेगळं बटण आहे, म्हणून हा प्रश्न तिथे येत नाही. टेकनमध्ये नुसतं उभं राहिलं तरी उंच आणि मधले फटके अडवले जातात. स्ट्रीट फायटरच्या वळणाच्या गेममध्ये मात्र मागची दिशा म्हणजे चालणंही आणि ब्लॉकही. एक पाय हवेत असताना फटका आला तर काय दाखवायचं? जुना तोडगा असा की समोरच्याने जवळून हल्ला सुरू केला आणि तुम्ही मागे दाबून आहात, तर फटका लागण्याआधीच चालणं थांबवून गार्डची पोझ दाखवायची. हे तुमच्या गेममध्ये नसेल तर घाला. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, कारण हात आधीच वर असतात.

पाय घसरतात ही दुसरी ओरड याच्याशी जोडलेली. ब्लॉक केल्यावर कॅरॅक्टर मागे ढकलला जातो आणि ते ढकलणं कोड करतो. तिथे पाय जमिनीला खिळवायला आयके (पाऊल एका जागी धरून बाकी पाय आपोआप वाकवणारी सोय) लावू नका, पाय लांब ताणले जातात. घसरू द्या, पण घसरण्याची पोझ द्या. मागचा पाय तिरका, टाच उचललेली, गुडघे वाकलेले, थोडी धूळ. कोडमधलं ढकलणं सुरुवातीला जोरात आणि नंतर मंद ठेवा. एकसारख्या वेगाने सरकणारा माणूस बर्फावर उभा असल्यासारखा दिसतो.

पॅरी आणि चकवा

पॅरीत, म्हणजे येणारा फटका अचूक क्षणी झटकून देण्यात, ब्लॉकचे नियम आणखी कडक होतात. २००४ च्या इव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेत डायगो उमेहारा या खेळाडूने समोरच्या जस्टिन वाँगच्या चुन-ली या कॅरॅक्टरचे सलग १५ फटके आपल्या केन या कॅरॅक्टरकडून पॅरी केले. ती क्लिप आजही बघा, पण या वेळी खेळाकडे न बघता चित्राकडे बघा. प्रत्येक पॅरीला पोझ ताबडतोब लागते, अंग चमकतं, तोच ठरलेला आवाज येतो. फटके एकावर एक येत असूनही मोजता येतात. पॅरीची पोझ ब्लॉकपेक्षा उघडी आणि पुढे झुकलेली ठेवा, नाहीतर खेळाडूला आपण नेमकं काय कमावलं ते कळत नाही.

चकव्यात, म्हणजे अंग बाजूला काढून फटका हुकवण्यात, मात्र डोकं आधी हलवा, कंबर मागून. आणि टक्करीची पेटी डोक्यासोबत हलते का ते बघा. डोकं बाजूला, पेटी जागेवर, असं असेल तर तक्रारीचं वाक्य फक्त बदलतं, "भो, मी वाकेल होतो ना!"

सकाळी ठीक, दुपारी बिघडतो

हे आपल्या भागाचं खास दुखणं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. लाईट गेली आणि तो बॅटरीवर आला तरी तेच. ६० चे ४० फ्रेम होतात. ब्लॉकस्टन तुम्ही अपडेटमध्ये (दर फ्रेमला चालणाऱ्या कोडमध्ये) फ्रेम मोजून चालवत असाल तर १४ फ्रेमचा काळ दीडपट होतो, पण अ‍ॅनिमेशन सेकंदांवर चालतं, ते आधीच संपतं. कॅरॅक्टर सरळ उभा राहतो आणि तरी हलत नाही. कुणाकडे १४४ हर्ट्झचा पडदा असेल तर नेमकं उलटं, ब्लॉकस्टन संपला आणि हात अजून वर.

नियमांचा हिशोब ठरलेल्या टप्प्यांवर ठेवा. युनिटीत फिक्स्ड टाइमस्टेप ०.०२ असतो, म्हणजे सेकंदाला ५० टप्पे. तो ०.०१६६६६७ करा, ब्लॉकस्टन तिथे मोजा आणि अ‍ॅनिमेटरही त्याच टप्प्यांवर पुढे सरकवा. एवढं झालं की फ्रेम गळले तरी हात आणि हिशोब सोबत गळतील, एकमेकांना सोडून जाणार नाहीत. तपासायला मुद्दाम फ्रेमचा वेग ३० वर बांधून एक फेरी खेळा. मेची वाट बघायची गरज नाही.